तिच्या वाटचं

आईचा कंपवात आमच्या लक्षात यायला बराच उशीर लागला, कारण तिच्या हातात कायम जपमाळ असायची. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हळूहळू फिरतायत, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो. पुढे माळ बाजूला ठेवल्यावरही बोटं फिरत राहायला लागली, तेव्हा दादा म्हणाला, "आईचा जप आता माळेवाचूनही चालतो." सगळ्यांना ते पटलं. आईलासुद्धा.

न्यूरोलॉजिस्टनी तिला हात मांडीवर सैल ठेवायला सांगितले आणि शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावले. नव्वदीत पोचेपर्यंत उजव्या हाताची बोटं सुरू झाली. गोळी वळल्यासारखी हालचाल, असंच या कंपाचं वर्णन डॉक्टरमंडळी करतात. मग त्यांनी माळ मागितली आणि तिच्या हातात दिली. तिने पहिला मणी ओढला आणि बोटं स्थिर झाली. हात स्वस्थ पडलेला असताना हा कंप येतो, हाताला काम दिलं की कमी होतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. आईने यातून एवढंच घेतलं की जप करताना आपला हात थरथरत नाही. त्यानंतर कित्येक महिने ती हे भेटेल त्याला सांगत असे, आणि सांगताना तिचा चेहरा उजळलेला असे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला पार्किन्सन म्हणायचं. मेंदूच्या तळाशी डोपामाइन हे हालचालीला लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो. त्या पेशी मरत जातात. का मरतात ते बहुतेकांच्या बाबतीत सांगता येत नाही. हात थरथरताना दिसायला लागतो तोवर त्यातल्या पुष्कळशा आधीच गेलेल्या असतात. लेवोडोपा नावाच्या गोळीतून मेंदूला डोपामाइन करता येतं आणि पहिली काही वर्षं ती गोळी माणसाला उभं करते. आईलाही केलं. ती चालत होती, लिहीत होती, पहाटे उठून तिची प्रार्थना म्हणत होती. त्या वर्षांबद्दल मला फार लिहायचं नाही. आजार घरात होता, पण तो आईपेक्षा लहान होता.

मला लिहायचंय ते त्यानंतरचं. ती अंथरुणाला खिळली तेव्हाचं.

गोळीचा अंमल कमी वेळ टिकायला लागला. आवाज इतका बारीक झाला की तिच्या तोंडाशी कान न्यावा लागे. चेहऱ्यावरचे स्नायू ताठरले, त्यामुळे ती रागावली आहे की खूश आहे ते चेहऱ्यावरून कळेना. कुशीवर वळणंही तिला जमेना. आणि याच सुमारास मला जाणवलं की माळ उशाशी पडलेली आहे, दिवसचे दिवस, आणि तिने ती मागितलेली नाही.

आधी वाटलं बोटांत ताकद नसेल. मी माळ तिच्या हातात ठेवली. तिने ती धरली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि माझ्याकडे परत केली. मी विचारलं, "नको?" तिने जे उत्तर दिलं ते ऐकायला मला दोनदा वाकावं लागलं.

"आत काही येतच नाही गं. म्हणावंसंच वाटत नाही."

मी गप्प राहिले. मग ती म्हणाली, "तू म्हण माझ्या वाटचं."

माझी सगळी श्रद्धा तिच्या श्रद्धेवर उभी होती हे मला त्या दिवशी समजलं. मी प्रार्थना करायचे, पण माझा विश्वास देवावर होता त्याहून जास्त आईच्या देवावरच्या विश्वासावर होता. घरात काही संकट आलं की आई म्हणतेय ना, मग होईल नीट, एवढं मला पुरायचं. परीक्षा असो, नोकरी असो, माझं मोडलेलं लग्न असो. ती माझ्यासाठी म्हणत होतीच, त्यामुळे मला स्वतःला फार जोर लावावा लागला नव्हता. आणि आता तीच म्हणत होती की आत काही येत नाही.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना हे विचारलं. विचारताना संकोच वाटला, कारण औषध, पोट, झोप हे प्रश्न डॉक्टरांना विचारायचे असतात, जप थांबल्याचा नाही. पण त्यांनी तो प्रश्न बाजूला सारला नाही. ते म्हणाले, "ताई, हे आजाराचंच लक्षण असू शकतं. डोपामाइनवर नुसती हालचाल चालत नाही. एखादी गोष्ट करावीशी वाटणं, ती केल्यावर बरं वाटणं, हेही त्याच्यावर चालतं. ते कमी झालं की माणूस उदासीन होतो. रडत नाही, कुरकुरत नाही, फक्त ओढ राहत नाही. नातवंडं आली तरी नाही, आवडीचं गाणं लागलं तरी नाही." त्यांनी नैराश्यासाठीही तपासलं, कारण या आजारात तेही पुष्कळांना येतं आणि त्यावर औषध देता येतं. औषधाने तिची झोप सुधारली. माळ मात्र तिने तरीही मागितली नाही.

घरी येताना मी विचार करत राहिले. एक रसायन कमी पडलं आणि आईची प्रार्थना गेली. मग इतकी वर्षं ती जे म्हणत होती ते काय होतं? आणि माझ्या आत जे काही आहे ते तरी काय आहे? हा प्रश्न मला फार छळत होता. रात्री तिच्या खोलीत बसलेली असताना जास्तच.

याचं उत्तर मला एकदम मिळालं नाही. पण रोजच्या कामातून एक गोष्ट हळूहळू स्पष्ट झाली. तिच्या पायांत चालण्याची ताकद राहिली नव्हती, म्हणून ती पूर्वी चालत होती ते खोटं ठरत नव्हतं. तिला घास नीट गिळता येत नव्हता, म्हणून भूक ही कल्पना ठरत नव्हती. जे जे आजाराने नेलं ते ते आम्ही तिच्या वतीने करत होतो. तिच्या वतीने कूस बदलत होतो, तिच्या वतीने तोंड पुसत होतो, डोळ्यांची उघडझाप कमी झाली म्हणून थेंब घालत होतो. मग प्रार्थना तेवढी तिची तिने करायची, असं का? तिनेच तर सांगितलं होतं, तू म्हण. ती मला काही पटवून देत नव्हती. तिने मला काम सांगितलं होतं.

वेळ ठरली ती गोळीमुळे. लेवोडोपा प्रथिनांसोबत पोटात गेली तर नीट शोषली जात नाही, म्हणून ती खाण्याच्या निदान अर्धा तास आधी द्यायची. ही गोळी घड्याळावर चालते. पाव तास इकडचा तिकडे झाला तरी आईचं अंग लाकडासारखं होत असे. सकाळची पहिली गोळी आणि पहिला घास यांच्यामधला अर्धा तास मोकळा असायचा. काही भरवायचं नाही, अंग हलवायचं नाही, कारण गोळी चढेपर्यंत ते हलतच नसे. त्या अर्ध्या तासात मी तिच्या वाटचं म्हणायला लागले.

तिची प्रार्थना मला पाठ होती, पण तिच्या चालीत मी ती कधी म्हटली नव्हती. ती काही शब्दांवर थांबायची. एका जागी श्वास घ्यायची. मी भराभर म्हणत गेले की तिचे डोळे माझ्याकडे वळायचे. बोलणं नाही, चेहऱ्यावर काही नाही, पण डोळे वळायचे आणि मी समजायचे की इथे थांबायचं होतं. अशी ती चाल मी शिकले. काही सकाळी गोळी नेमकी मधेच चढायची. खांदे सैल पडायचे, जबड्याचा ताठरपणा उतरायचा आणि शेवटच्या ओळींना तिचे ओठ हलायचे. आवाज नसायचा. काही सकाळी काहीच व्हायचं नाही. हलले ते दिवस श्रद्धेचे आणि हलले नाहीत ते दिवस कोरडे, असा हिशोब मी मुद्दामच ठेवला नाही. ओठ गोळीने हलत होते हे मला ठाऊक होतं. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही.

दादा देव मानत नाही. कधीच मानत नव्हता. त्याने मला स्पष्ट सांगितलं, "मी म्हणणार नाही. म्हटलं तर ते खोटं होईल आणि आईला कळेल." आणि मग रात्रीचं सगळं त्याने स्वतःकडे घेतलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, टाचा, खुबे इथे कातडी सतत दाबली जाऊन रक्त पोचत नाही आणि जखम होते. लाल झालेल्या जागी बोट दाबून बघायचं. दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर अजून वेळ आहे. लाल तसंच राहिलं तर त्या जागेवरचा भार ताबडतोब काढायचा. दादा टॉर्च घेऊन रोज रात्री तिच्या टाचा बघायचा. तिला ओढून सरकवायचं नाही, चादरीसकट उचलायचं, नाहीतर कातडी घासते. हे तो इतक्या हलक्या हाताने करायचा की ती अनेकदा जागीही होत नसे. आम्हा दोघांत देवावरून पूर्वी पुष्कळ वाद झाले होते. त्या काळात एकदाही झाला नाही. वाद घालण्याइतकी झोप कुणाचीच झालेली नसे हे एक कारण. दुसरं म्हणजे, तो काय करतोय ते मला दिसत होतं आणि मी काय करतेय ते त्याला.

बाहेरचे लोक मात्र येऊन जाऊन बोलत. बहुतेकांच्या मनात मायाच होती, हे मला माहीत आहे. तरी काही वाक्यं अशी असतात की आजाऱ्याच्या उशाशी ती बोलूच नयेत. "एवढं देवाचं करूनही यांच्याच वाट्याला का?" हे आईला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं गेलं. "मनापासून प्रार्थना केली ना, तर हमखास गुण येतो," असं एका बाईंनी मला सांगितलं. त्या गेल्यावर मला दरदरून घाम आला. म्हणजे गुण येत नाही तो मी मनापासून म्हणत नाही म्हणून?

त्याच सुमारास मी एका मोठ्या प्रयोगाबद्दल वाचलं. अमेरिकेतल्या सहा हॉस्पिटलांत हृदयाची बायपास झालेल्या १८०२ रुग्णांवर तो झाला आणि २००६ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांसाठी अनोळखी लोकांकडून प्रार्थना करवून घेतली, काहींसाठी नाही. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे माहीत नव्हतं, त्यांच्यात दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास लोकांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली. काहीच फरक नाही. आणि ज्यांना खात्रीने सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे, त्यांच्यात हे प्रमाण उलट थोडं जास्त, ५९ टक्के निघालं. श्रद्धाळू माणसाने हे वाचून खचायला हवं. मला मात्र हलकं वाटलं. प्रार्थना म्हणजे कमी-जास्त मात्रेत द्यायचं औषध नव्हे, हे कुणीतरी मोजून दाखवलं होतं. मी कमी पडत नव्हते. आईचा आजार माझ्या मनापासून असण्यावर टांगलेला नव्हता. दुसऱ्या सकाळी मी नेहमीसारखी म्हणायला बसले आणि गुण यावा हे मागणं त्यातून गळून पडलं होतं.

मग भास सुरू झाले. आईला खोलीत माणसं दिसायची. कोपऱ्यात, भिंतीला टेकून, कधी पलंगाच्या पायथ्याशी. त्यांचे चेहरे तिला ओळखीचे वाटत नसत. या आजारात हे पुष्कळांना होतं, आजारामुळेही आणि त्यावरच्या औषधांमुळेही. अचानक वाढलं तर आधी लघवीतला संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, पोट साफ नसणं हे बघायचं, असं आम्हाला शिकवलेलं होतं. पण एका नातेवाइकांनी ऐकलं आणि हात जोडले. "पुण्यवान आहे, दर्शन होतंय तिला."

मला त्यावर विश्वास ठेवायला किती आवडलं असतं! इतक्या वर्षांच्या जपाचं काहीतरी फळ, अगदी डोळ्यांसमोर. पण मी तो ठेवला नाही. ती माणसं तिला दिसत होती ती गोळीची मात्रा वाढवल्यापासून, आणि डॉक्टरांनी मात्रा किंचित खाली आणल्यावर ती येईनाशी झाली. देवाला मी अशा आधारावर उभा करणार नव्हते. मात्र आईशी वादही घातला नाही. तिथे कुणी नाही, असं तिला कधी म्हटलं नाही, कारण तिला दिसत होतं. मी विचारायचे, "त्रास देतायत का?" ती मान हलवायची, नाही. "मग बसू दे." एकदा ती म्हणाली, "बिचारी उभीच आहेत केव्हाची." आम्ही खुर्ची ठेवली.

एवढ्यात गिळण्याचा त्रास वाढला. घास घशातून खाली जाण्याऐवजी श्वासनलिकेत उतरायचा. सुरुवातीला ठसका लागायचा, पुढे तोही लागेना, आणि ते जास्त धोक्याचं असतं. पातळ पदार्थ दाट करून द्यायचे, बसवून द्यायचे, हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला सांगायचं, भरवल्यावर लगेच आडवं करायचं नाही, हे सगळं स्पीच थेरपिस्टनी दाखवलं आणि आम्ही केलं. तरी व्हायचं ते झालंच. न्यूमोनिया झाला. या आजारातली माणसं पुष्कळदा शेवटी यानेच जातात.

हॉस्पिटलमध्ये भरती करताना दादाने एक कागद लिहून नेला होता. गोळ्यांच्या वेळा, आणि खाली मोठ्या अक्षरात दोन सूचना. लेवोडोपा अचानक बंद करू नये, तोंडाने जमत नसेल तर नळीतून द्यावी. मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, आणि भ्रम झाला तर हॅलोपेरिडॉल नको, कारण दोन्ही औषधं डोपामाइनचंच काम अडवतात. ड्यूटीवरच्या सिस्टरनी तो कागद पलंगाच्या डोक्याशी चिकटवला. कंपवाताच्या पेशंटला घेऊन हॉस्पिटलात जाणाऱ्या प्रत्येकाने असा कागद जवळ ठेवावा. यात श्रद्धेचा काही संबंध नाही, पण सांगायला हवं.

तिसऱ्या प्रहरी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बोलावलं. श्वास कमी पडतोय. व्हेंटिलेटर लावता येईल, पण या शरीराला तो लावला तर परत काढता येईल असं वाटत नाही. दादा काही बोलला नाही. मी म्हणाले, "जे जे शक्य आहे ते सगळं करा." तोंडातून तेच निघतं. आईसाठी दुसरं काय म्हणणार माणूस?

तिथे पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरही होत्या. त्या माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय हवंय ते मला कळलं. आता जरा वेगळं विचारते. आत्ता तुमच्या आई इथे येऊन बसल्या, सगळं ऐकलं, आणि त्यांना बोलता आलं, तर त्या काय म्हणतील?"

मी उत्तर देऊ शकले नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

गेले काही महिने आई रोज रात्री एकच शब्द बोलत होती. "सोडव." मला उद्देशून नाही. छताकडे बघून. आत काही येत नाही म्हणणारी माझी आई एवढी एक गोष्ट मात्र मागत होती. आणि मी रोज सकाळी तिच्या वाटचं म्हणत होते, ती सगळी प्रार्थना तिच्या चालीत, तिच्या थांब्यांसकट, आणि हा शब्द मी त्यात घेतला नव्हता. तो मला तोंडातून काढवत नव्हता. आईला ने, असं लेकीने कसं म्हणायचं? शिवाय मनात एक भीती होती. मला हे म्हणावंसं वाटतंय ते मी थकलेय म्हणून तर नाही ना? रात्र रात्र जागून, पाठ मोडून, कधी एकदा हे संपेल असं मला वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी हे केलंय त्यांना ठाऊक आहे. ती इच्छा आणि आईची सुटका हे दोन्ही एकाच शब्दात येत होतं, आणि कुठलं किती हे मला वेगळं काढता येत नव्हतं.

डॉक्टरांच्या प्रश्नाने ते वेगळं झालं. मला काय हवंय, हा एक प्रश्न होता. तिला काय हवंय, हा दुसरा. तिच्या वाटचं म्हणायचं तर तिचं मागणंच मागायला हवं होतं. माझं मागणं माझ्या वाटच्यात मागायला मी मोकळी होते.

मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला, "आई सोडव म्हणते गं. मला रोज रात्री ऐकू येतं."

आम्ही व्हेंटिलेटर नको म्हणालो. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, आराम पडेल ते सगळं हो. नाकातून कायमची नळी ठेवावी का, याबद्दलही बोलणं झालं. आजाराच्या या टप्प्यावर नळीने छातीत अन्न जाणं थांबेलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तापाचा जोर ओसरल्यावर आम्ही तिला घरी आणलं.

त्या रात्री मी दोनदा प्रार्थना केली. आधी तिच्या वाटची. तिच्या चालीत, आणि शेवटी, पहिल्यांदाच, "सोडव." मग माझ्या वाटची. "ठेव." एकाच तोंडाने, एकाच देवाला. हे परस्परविरोधी आहे हे मला दिसत होतं. तरी दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही म्हटल्यावर मला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा नीट रडू आलं. ती जाईपर्यंत रोज मी तसंच म्हणत राहिले. देवाने त्यातलं कुठलं ऐकायचं हे मी ठरवायचं नव्हतं, हा माझ्या श्रद्धेचा सगळ्यात मोठा आधार झाला.

पॅलिएटिव्ह केअरची टीम घरी यायला लागली. त्या डॉक्टरांनी मला सिसिली सॉन्डर्स यांच्याबद्दल सांगितलं. आधी नर्स, मग हॉस्पिटलातल्या समाजसेविका, आणि पुढे डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे मरणाच्या दारातल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण सुरू केलं. मरणाऱ्या माणसाची वेदना नुसती शरीराची नसते, मनाची, नात्यागोत्यांची आणि श्रद्धेचीही असते, आणि उपचार या सगळ्यांवर करायचे असतात, हा विचार त्यांनी मांडला. स्वतः सॉन्डर्स श्रद्धाळू होत्या. घरी येणाऱ्या सिस्टर आईचा श्वास आणि पाठ तपासून झाल्यावर मला विचारायच्या, "आणि प्रार्थना झाली का आज?" बाकीच्या तक्त्यात जसं लघवी, पोट, झोप, तसंच. मला त्याचं फार बरं वाटायचं.

श्वासाची धाप कमी करायला त्यांनी मॉर्फीन दिलं, अगदी थोड्या मात्रेत. दादा घाबरला होता. मॉर्फीनने आईचा शेवट लवकर येईल असं त्याला वाटत होतं. डॉक्टरांनी समजावलं की मोजून-मापून दिलेल्या मॉर्फीनने मरण ओढवत नाही, धाप सुसह्य होते. त्याने पोट हमखास अडतं, म्हणून सोबत रेचक द्यायचं. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा झोत सोडला तरी धाप कमी वाटते, हे मला आधी खरं वाटलं नव्हतं, पण वाटायचं तिला. कपाळावरची आठी जायची.

खाणं थांबलं तेव्हा मला सर्वांत जास्त तुटलं. आईला उपाशी ठेवतेय असं वाटायचं. सिस्टर म्हणाल्या, "खात नाहीत म्हणून त्या जात नाहीयेत. जायला निघाल्यात म्हणून खात नाहीत." तहान भागवायची तर तोंड ओलं ठेवायचं. ओल्या मऊ स्पंजने हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू पुसायची, ओठांना काहीतरी लावायचं. मी ते दर थोड्या वेळाने करायचे. स्पंज ओठांना लागला की ती तो हलकेच चोखायची.

शेवटी घशात घरघर सुरू झाली. ऐकणाऱ्याला ते फार भयंकर वाटतं. घशात साठलेला स्राव गिळण्याची वा खोकण्याची शुद्ध राहिलेली नसते म्हणून तो आवाज येतो, आणि त्या अवस्थेत माणसाला त्याचा त्रास होत असेल असं वाटत नाही, असं सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी सांगून ठेवलं नसतं तर आम्ही तिला उचलून परत हॉस्पिटलात नेलं असतं, याबद्दल मला शंका नाही. दादाने तिला कुशीवर वळवलं. आवाज कमी झाला.

ऐकू येत असतं म्हणून बोलत राहा, असंही त्यांनी सांगितलं होतं. मी पुढे वाचलं की कॅनडात असा अभ्यास झाला आहे. २०२० साली तो प्रसिद्ध झाला. शेवटच्या काही तासांत प्रतिसाद देणं थांबलेल्या हॉस्पिसमधल्या काही रुग्णांचा मेंदू आवाजांना प्रतिसाद देत होता, असं त्यात आढळलं. त्यांना त्यातून काय समजत होतं, हे त्याने सांगता येत नाही. मी बोलत होते. बोलून संपलं की म्हणत होते. श्वासांमध्ये मोठमोठी थांबणी पडायला लागली होती, आणि मी तिच्या प्रार्थनेत एका जागी आले, जिथे ती नेहमी थांबते, तिथे दादाने ओळ पुढे नेली. त्याला पाठ होती. लहानपणी आम्हा दोघांनाही तिने एकत्रच शिकवली होती. तो न थांबता पुढे म्हणत गेला, चुकीच्या चालीत, आणि मी त्याला अडवलं नाही. त्याबद्दल आम्ही नंतर कधी बोललो नाही. तो आजही देव मानत नाही.

आई पहाटे गेली.

त्यानंतरचे आठवडे मी गोळीच्या वेळेला जागी व्हायचे आणि म्हणायला बसायचे. पण तिच्या वाटचं काय मागायचं? सोडव म्हणायचं कारण उरलं नव्हतं. आणि माझ्या वाटचं, ठेव, तेही नाही. मी नुसतीच बसून राहायचे. पुढे बसायचंही थांबवलं. आईने म्हटलं होतं तेच मला होत होतं, आत काही येत नव्हतं. फरक एवढाच की मला कुठला आजार नव्हता. आईच्या जाण्याने देवावरचा विश्वास उडाला असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. तो तिथे आहे, हे मला ठाऊक आहे. शब्द तेवढे येत नाहीत.

मावशीचा फोन आला तेव्हा मी हे तिला सांगितलं. ती आईहून लहान आहे, पण आता तीही थकली आहे, आणि त्या दोघी लहानपणी एकाच चटईवर बसून ही प्रार्थना म्हणत आल्या होत्या. मला वाटलं ती समजावेल, वेळ जाऊ दे म्हणेल, किंवा थोडं रागावेलही.

"बरं," ती म्हणाली. "मी म्हणते तुझ्या वाटचं."

मी म्हटलं, "किती दिवस म्हणशील?"

"तू म्हणायला लागलीस की सांग मला."

तेव्हापासून ती म्हणतेय. मी अजून सांगितलेलं नाही.